ड्युअल मास फ्लायव्हीलचं काम : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजचा अनुभव

ज्यांच्या डिझेल गाडीत क्लचपाशी खडखड सुरू झालीय आणि कुणीतरी "गिअरबॉक्स गेलाय, ओव्हरहॉल करायला लागणार" म्हणून घाबरवून सोडलंय, त्यांनी हा रिव्ह्यू पूर्ण वाचा. मोठा झालाय, पण वाचून पैसे वाचतील. गॅरेज कोल्हापूरला उद्यमनगरात आहे. बाहेरनं बघितलं तर काही विशेष वाटणार नाही, पत्र्याचं शेड, एकच लिफ्ट, भिंतीला पाने टांगलेले, कोपऱ्यात जोतिबाचा फोटो. पण क्लच आणि फ्लायव्हीलच्या कामाला इतका नीट माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा कशाचा कापला ते खाली लिहिलंय.

आमची गाडी सात सीटर डिझेल, मॅन्युअल गिअर. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण हा त्रास कुठल्या एका कंपनीचा नाही, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं दोन चकत्यांचं जड चाक, पुढं सविस्तर लिहिलंय) असलेल्या कुठल्याही गाडीला तो वय झाल्यावर होऊ शकतो. गाडी सव्वा लाख किलोमीटरच्या पुढं गेलीय. माझं माहेर वैभववाडीकडं, म्हणजे गगनबावडा आणि तिथनं करूळ नाहीतर भुईबावडा घाट हा आमचा नेहमीचा रस्ता, जाताना माणसं भरलेली आणि येताना माणसांबरोबर तांदूळ, फणस, आंब्याच्या पेट्या. गाडीवर लोड असतोच.

त्रास असा सुरू झाला की गाडी बंद केली की खालनं "खडाक" असा एक आवाज यायचा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. आधी वाटलं सायलेन्सर कुठं तरी टेकत असेल. मग सकाळी पहिल्यांदा चालू करताना पण तसाच आवाज यायला लागला, मग न्यूट्रलला उभी असताना टर्र टर्र टर्र अशी बारीक खडखड, आणि शेवटी पहिल्या गिअरला उचलताना गाडी थरथरायला लागली, एवढी की डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा. पिकअप मात्र ठीक होता, क्लच स्लिप होत नव्हता, गिअर पण व्यवस्थित पडत होते. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगाला येणार आहे.

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली होती, नाव लिहीत नाही. आम्हाला एसीत बसवलं, चहा दिला आणि थोड्या वेळानं छापील एस्टिमेट आणून हातात ठेवलं. त्यात गिअरबॉक्स ओव्हरहॉल, क्लच सेट, फ्लायव्हील, इंजिन माउंटिंग, सेल्फ, सगळंच होतं. एवढं सगळं कशावरून म्हणून विचारलं तर "मॅडम, आवाज येतोय ना, मग करायलाच लागणार." मी गाडीत जाऊन बघितलं तर किलोमीटरचा आकडा तोच, म्हणजे चालवून बघणं सोडाच, गाडी जागची हलवली पण नव्हती. ज्या कागदावर लाखाच्या घरातला आकडा लिहिताय त्याच्या आधी निदान एक चक्कर तरी मारून बघायची ना? गाडी घेतली आणि परत आणली. मग मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकांनी हे गॅरेज सांगितलं.

इथं पहिली गोष्ट आवडली ती ही की मिस्त्रींनी विचारलं, "गाडी चालवतंय कोण?" मी म्हटलं मी. "मग ताई तुम्हीच बसा ड्रायव्हर साइडला, मी शेजारी बसतो." बाहेर गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला घेऊन गेले, तिसऱ्या-चौथ्या गिअरला चालवायला लावली, मध्येच हात गिअर लिव्हरवर ठेवून नुसते डोळे मिटून ऐकत बसले. परत आल्यावर न्यूट्रलला उभी करून सांगितलं, "आता क्लच दाबून धरा. आवाज कमी झाला न्हवं? सोडा. आला परत? आता गाडी बंद करा." खडाक. "परत चालू करा." खडाक. मग म्हणाले, "गिअरबॉक्सचं काय नाही झालेलं ताई, तो आपला शहाण्यासारखा चाललाय. ह्यो फ्लायव्हील बोलतोय."

कशावरून, ते पण सांगितलं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाकडनं जोर आत घेणाऱ्या दांड्याचं बेअरिंग गेलं असतं तर एकसारखा घूंऽऽ असा आवाज आला असता, गाडी पळताना पण आला असता आणि वेगाबरोबर चढला असता. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, गेलं असतं तर उलटं, क्लच दाबल्यावर आवाज आला असता. आमच्या गाडीत क्लच दाबला की टर्रटर्र कमी होते, कारण तेव्हा गिअरबॉक्स इंजिनपासून सुटा होतो आणि त्याच्या आतले मोकळे गिअर एकमेकांवर वाजायचे थांबतात. पण गाडी चालू-बंद करतानाचा तो एक ठोका क्लच दाबून केलं तरी राहतो, आणि तो फ्लायव्हीलच्या आतनं येतो. शिवाय तिसऱ्या-चौथ्याला पळताना गाडी गप्प होती. एवढं ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी खरंच विचार करून सांगतंय.

आता फ्लायव्हील म्हणजे काय, ते मला जसं समजलं तसं लिहिते, कारण याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि बिलात आल्यावरच कळतं की हे काय प्रकरण आहे. ज्यांचं गाव शेतीचं आहे त्यांनी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बघितलं असेल, साताऱ्याचं कूपर नाहीतर किर्लोस्कर, हँडल मारून सुरू करायचं. त्याच्या बाजूला जे भलंमोठं बिडाचं चाक गरगर फिरत असायचं तेच फ्लायव्हील. त्या इंजिनाला एकच सिलेंडर, आणि फोर स्ट्रोक असल्यामुळं क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणजे एकदाच जोर मिळतो. बाकीचा सगळा वेळ इंजिनाला स्वतःची हवा आत ओढायची, ती दाबायची, धूर बाहेर ढकलायचा असतो, आणि त्याला लागणारा जोर ते चाक देतं. एकदा फिरायला लागलं की थांबायला तयार नसतं म्हणून इंजिन पण थांबत नाही.

गाडीत तेच, फक्त आकार लहान आणि ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये घंटेच्या आकाराच्या कव्हरात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये लपलेलं. क्रँकच्या मागच्या टोकाला बोल्टनं आवळलेलं असतं. चार सिलेंडरच्या इंजिनात अर्ध्या फेरीला एक स्फोट, म्हणजे गाडी ८०० आरपीएमला नुसती उभी असेल तरी मिनिटाला १६०० धक्के, सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. प्रत्येक धक्क्याला क्रँक थोडा पुढं झेपावतो, मग मंदावतो, परत झेपावतो. फ्लायव्हील जास्तीचा जोर पोटात घेतं आणि कमी पडला की परत देतं. त्यात साठणारी शक्ती वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, आरपीएम दुप्पट झाले तर चौपट, म्हणून तर कमी आरपीएमला इंजिन जास्त हलतं आणि वर गेलं की मऊ वाटतं. म्हणूनच गाडी उचलताना थोडी रेस द्यायला लागते, नाहीतर फ्लायव्हीलमध्ये पुरेसा साठा नसतो आणि गाडी बंद पडते.

शिवाय दोन कामं अजून आहेत त्याला. त्याच्या कडेला दातांची रिंग बसवलेली असते, रिंग गिअर, आपण चावी फिरवली की सेल्फचा छोटा गिअर त्या दातांत शिरून इंजिन फिरवतो. आणि त्याचा मागचा गुळगुळीत चेहरा म्हणजे क्लच प्लेट जिथं चिकटते ती जागा. म्हणजे सेल्फ, क्लच आणि इंजिनाचा धक्का, तिन्ही एकाच चाकावर.

मिस्त्रींनी शेडमधनं एका जुन्या जीपचं साधं फ्लायव्हील उचलून आणलं, बिडाचं, एकसंध, दहा-बारा किलोचं तरी असेल, आणि त्याची रिंग दाखवली. समोरासमोर दोन ठिकाणी दात झिजून निम्मे झालेले, बाकीचे कोरे असल्यासारखे. म्हणाले, चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना दरवेळी साधारण त्याच दोन जागांवर येऊन थांबतं कारण कॉम्प्रेशन त्याला पुढं जाऊ देत नाही, म्हणून सेल्फ कायम त्याच दातांवर आपटतो. मग कधी कधी चावी मारली की नुसतं घर्रर्र होतं, गाडी गिअरला टाकून जरा हलवली की लगेच सुरू होते. लोक सेल्फ बदलून येतात आणि त्रास तसाच राहतो. मला हे इतकं आवडलं, कारण आमच्या शेजारच्यांच्या जुन्या गाडीला अगदी हेच होतं आणि ते बॅटरी बदलून बसलेत.

तर साधं फ्लायव्हील असं एकसंध. आमच्या गाडीतलं मात्र ड्युअल मास, म्हणजे दोन चकत्या. पुढची क्रँकला, मागची क्लचकडं, आणि दोघींच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडवलेल्या कमानीसारख्या वाकलेल्या लांब स्प्रिंगा. पुढची चकती इंजिनाबरोबर धक्के खाते, स्प्रिंगा ते पितात, मागची चकती जवळपास एकसारखी फिरते आणि गिअरबॉक्सला धक्का कळतच नाही. जर्मनीच्या लुक कंपनीनं, जी आता शेफलरचा ब्रँड आहे, १९८५ मध्ये युरोपात हे गाड्यांसाठी बनवायला सुरुवात केली, आणि नंतर डिझेल गाड्यांत ते सगळीकडं आलं. डिझेलला हे जास्त का लागतं तर कॉम्प्रेशन जास्त, स्फोट जोराचा, आणि आताच्या टर्बो इंजिनांत १५००-२००० आरपीएमलाच सगळा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, येतो, म्हणजे धक्का मोठा आणि तोही कमी वेगात.

साध्या फ्लायव्हीलच्या गाडीत क्लच प्लेटमध्येच छोट्या स्प्रिंगा असतात, पण त्यांचा स्वतःचा जो थरथरायचा वेग असतो, रेझोनन्स म्हणतात तो, तो साधारण १२०० ते २४०० आरपीएमच्या मध्ये येतो, म्हणजे नेमका आपण गाडी चालवतो तिथं. ड्युअल मासमध्ये हा रेझोनन्स आयडलच्याही, म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच्या आरपीएमच्याही, खाली ढकललेला असतो. गाडी चालवताना तो कधी भेटत नाही. भेटतो फक्त दोन वेळा, इंजिन सुरू होताना आणि बंद होताना, कारण तेव्हा आरपीएमला तिथनं पार व्हायलाच लागतं. आणि आमच्या गाडीत खडाक नेमकं तेव्हाच यायचं! स्प्रिंगा ढिल्या झाल्या, ग्रीस संपलं की त्या क्षणी दोन चकत्या एकमेकींवर आपटतात. हे कळल्यावर त्या आवाजाची भीतीच गेली. आवाज कुठनं येतो आणि त्याच वेळी का येतो हे एकदा समजलं की माणूस गॅरेजवाल्याच्या तोंडाकडं बघत बसत नाही.

दुसरं जे मनापासून आवडलं ते म्हणजे गिअरबॉक्स उतरवायच्या आधी त्यांनी स्कॅनर लावून चारही इंजेक्टर बघितले. एखादा सिलेंडर कमी मारत असेल तर गाडी तशीच थरथरते, आणि वर नवीन फ्लायव्हील बसवलं तरी त्या वाकड्या धक्क्यानं ते पण लवकर खराब होतं. आमचे चारही ठीक निघाले. इंजिन माउंटिंग पण टॉर्च मारून, पहारीनं हलवून बघितलं, चांगलं होतं, "ह्याला हात लावायचा नाही" म्हणून सांगितलं. तिकडच्या एस्टिमेटमधली एक ओळ इथंच गेली.

गिअरबॉक्स उतरवायच्या दिवशी मी मुद्दाम थांबले. त्यांनीच सांगितलं होतं, "बोलवतो तेव्हा या, डोळ्यानं बघा, मागनं मला विचारू नका." बेल हाउसिंग उघडल्यावर आत सगळीकडं काळ्या ग्रीसचे थेंब उडालेले, एका रेषेत, फिरताना उडाले म्हणून गोलाकार. ऑइल सील फुटलंय का म्हणून मला वाटलं, तर त्यांनी बोटावर घेऊन दाखवलं, इंजिन ऑइल पातळ असतं आणि हे घट्ट चिकट, फ्लायव्हीलच्या आतलं ग्रीस आहे. ते बाहेर आलं म्हणजे स्प्रिंगा आत कोरड्याच घासतायत.

मग क्लच काढला आणि मोजलं. हा भाग मी इथं सविस्तर लिहिते कारण तुमच्या गॅरेजवाल्याला हेच करायला सांगायचंय. फ्लायव्हील फिरू नये म्हणून रिंग गिअरला लॉक लावला. मग मागची चकती हातानं एका बाजूला फिरवली, जिथं स्प्रिंगचा जोर लागायला सुरुवात झाली तिथं थांबून पांढऱ्या पेननं मागच्या चकतीवर आणि समोरच्या रिंग गिअरच्या दातावर अशी एक खूण. मग उलट्या बाजूला फिरवली, परत जोर लागला तिथं दुसरी खूण. आणि दोन खुणांमध्ये रिंग गिअरचे किती दात येतात ते मोजले. प्रत्येक गाडीला किती दात चालतात याचा तक्ता फ्लायव्हील बनवणाऱ्या कंपनीचाच असतो, तो त्यांच्या मोबाइलमध्ये होता, आमच्या पार्ट नंबरसमोर बोट ठेवून दाखवला. आमची चकती मर्यादेच्या जवळपास दुप्पट मोकळी फिरत होती. मग डायल गेज लावून चकती पुढं-मागं डुलते किती ते बघितलं, ते पण मर्यादेच्या बाहेर. मलाही हातानं फिरवून बघायला दिली. निम्म्या वाटेवर आत कुठं तरी स्प्रिंगचा तुकडा अडकल्यासारखं कचकन लागत होतं.

थोडं फार डुलणं आणि फिरणं नवीन ड्युअल मासमध्ये पण असतंच बरं का, ते त्याच्या कामाचा भाग आहे. म्हणून नुसतं हलवून "बघा ढिलं झालंय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोजलेला आकडा आणि कंपनीची मर्यादा, दोन्ही समोर पाहिजेत.

असंच चालवत राहिलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं. आधी नुसता आवाज, मग क्लच उचलताना जास्त थरथर, मग गिअरबॉक्सचे गिअर आणि बेअरिंग हे धक्के खायला लागतात, म्हणजे जो गिअरबॉक्स आज चांगला आहे तो खरंच खराब होतो. शेवटी मधलं बेअरिंग तुटलं की मागची चकती वाकडी फिरते, बेल हाउसिंगला आतनं घासते, काही गाड्यांत जवळचा क्रँक सेन्सर पण तोडते आणि गाडी जागेवर बंद. स्प्रिंगा पूर्ण तुटल्या तर इंजिन रेस होतं आणि गाडी हलत नाही. करूळ घाटाच्या मध्यावर, पावसात, पोरंबाळं गाडीत असताना हे नको. असंही सांगितलं की फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले झाले तर जो ठोका येतो तो अगदी इंजिनाच्या आतल्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेल्यासारखा येतो, आणि त्यावरून लोकांची पूर्ण इंजिनं उतरवली गेलीत.

आम्ही मोजत होतो तेव्हा एक काका आले होते, ते म्हणाले लेथवर फेस मारून घ्या की, हजारभर रुपयात होतंय. मिस्त्री म्हणाले ते साध्या फ्लायव्हीलला. साधं असेल तर क्लच घासून निळे डाग पडतात, बारीक चिरा येतात, चेहरा आरशासारखा होतो, तेव्हा मर्यादेत राहून लेथवर फेस मारता येतो, चिरा खोल असल्या तर मात्र बदलायचंच. ड्युअल मासचा आजार आतल्या स्प्रिंगांत असतो, वरनं घासून काय होणार, आणि कंपनी त्याला लेथ लावायला परवानगीच देत नाही. हे उत्तर त्यांनी न चिडता दिलं, काकांना बसवून समजावून.

मग प्रश्न आला नवीन काय घालायचं. दोन पर्याय ठेवले. एक, ड्युअल मासच परत. दुसरा, साध्या फ्लायव्हीलचं किट, म्हणजे एकसंध फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, मोठ्या स्प्रिंगांची क्लच प्लेट आणि बेअरिंग असं एकत्र, व्हॅलिओसारख्या नावाजलेल्या कंपन्या असं किट काही गाड्यांसाठी विकतात. ते स्वस्त पडतं आणि त्यात आतलं बिघडायला काही नसतं. पण धक्के प्यायचं सगळं काम मग क्लच प्लेटवरच येतं, आयडलला खडखड थोडी राहते आणि गिअरबॉक्सला जास्त सोसायला लागतं. भाड्याच्या गाड्यांना लोक घालतात. मला सरळ म्हणाले, "ताई, तुमचं रनिंग घाटाचं, लोडाचं, आणि गाडी तुम्ही अजून ठेवणार म्हणताय, तर जे कंपनीनं दिलंय तेच घाला. विकणार असता तर वेगळं बोललो असतो." त्यांना स्वस्त विकून मोकळं होता आलं असतं, नाहीतर महागाचं गळ्यात मारता आलं असतं. त्यांनी आमचा वापर विचारून सांगितलं, मला याचंच कौतुक आहे.

गिअरबॉक्स खाली असतानाच काय काय बदलायचं हे पण पटण्यासारखं होतं. क्लच प्लेटमध्ये अजून जीव होता, पण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, परत वर्षभरात तेच काम कशाला, म्हणून क्लच सेट. क्लचचा स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे पेडलचा जोर तेलाच्या दाबानं क्लचपर्यंत पोचवणारा भाग, आमच्या गाडीत बेल हाउसिंगच्या आतच बसतो, बेअरिंगसकट, म्हणून तो. क्रँकचं मागचं ऑइल सील, जे अगदी स्वस्त आहे पण नंतर गळायला लागलं तर परत सगळं उतरवायला लागतं, म्हणून ते. आणि गिअर ऑइल. सेल्फ काढून त्याचा गिअर बघितला, दात चांगले होते, पुसून परत बसवला. त्याचे पैसे लावले नाहीत.

बसवतानाचं काम बघण्यासारखं होतं. नवीन फ्लायव्हीलची पेटी माझ्यासमोर फोडली, पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघितला. हाताखालच्या पोराला आधीच ओरडून ठेवलेलं, "खाली पडला तर बसवायचा नाही, परत द्यायचा", कारण ड्युअल मास एकदा आपटला की बसवू नये असं कंपनीच सांगते. बोल्ट सगळे नवीन. हे बोल्ट आवळताना थोडे ताणले जातात, एकदा ताणलेला परत तसाच धरत नाही. ते चांदणीच्या क्रमानं, म्हणजे एक इकडचा एक समोरचा असे, टॉर्क रेंचनं आवळले आणि त्यानंतर ठरलेल्या अंशाइतके अजून फिरवले, अंश मोजायची तबकडी लावून. क्लचचा चेहरा स्प्रेनं पुसून कोरडा केला, त्याला ग्रीसचा हात लागू दिला नाही, आणि प्लेट मधोमध यावी म्हणून सेंटरिंग टूल घातलं. मोठ्या एसी वर्कशॉपमध्ये आपल्याला हे कधी बघायलाच मिळत नाही, काचेच्या पलीकडं काय चाललंय देव जाणे.

बिल सगळं मिळून ४५ हजारांच्या आसपास झालं, त्यात निम्म्याहून जास्त एकट्या फ्लायव्हीलचे. कमी नाहीत, घरात जरा ओढाताण झाली. पण तिकडच्या कागदापेक्षा निम्म्याहून कमी, आणि पार्टची पक्की बिलं, जुने सगळे पार्ट पोत्यात भरून डिकीत.

आता अर्धा स्टार कशाचा. पार्ट पुण्याहून येणार होता, तो ठरल्या वेळेला आला नाही, ठीक आहे, होतं, पण फोन करून सांगायला पाहिजे होतं. मीच विचारायला फोन केला तेव्हा कळलं, तोवर आम्ही गावाला जायचं ठरवून बसलेलो. गाडी हातात नसताना माणसाचे किती बेत अडकतात हे गॅरेजवाल्यांनी समजून घ्यायला पाहिजे, आणि एवढं चांगलं काम करणाऱ्या माणसाला एक मेसेज टाकणं अवघड नाही. दुसरं, आधी खर्च तोंडीच सांगितला, लिहून मागितल्यावर लगेच दिला, पण मागायला लागला. बसायला एक बाकडं आहे, बायकांसाठी टॉयलेटची सोय नाही. आणि गल्ली अरुंद, मोठी गाडी वळवायला त्रास होतो.

काम झाल्यावर गाडी बंद करताना आवाज शून्य. पहिल्या गिअरला थरथर नाही. त्यानंतर भुईबावड्यानं माहेरी जाऊन आलो, गाडी भरलेली, वळणावर थांबून परत उचलली तरी काही नाही. क्लच पण हलका झालाय, गुडघ्याला फरक कळतो.

देताना मिस्त्रींनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमच्या खाली इंजिन रडवत न्यायचं नाही, ॲव्हरेजसाठी लोक चौथ्या-पाचव्याला गाडी ओढत नेतात, तेव्हा स्प्रिंगा पूर्ण दाबल्या जाऊन मार खातात, एक गिअर खाली टाका. आणि घाटात चढावर थांबताना गाडी क्लचवर धरून ठेवायची नाही, हँडब्रेक लावायचा, कारण क्लच घासून जी उष्णता होते ती थेट फ्लायव्हीलच्या मागच्या चकतीत जाते आणि आतलं ग्रीस जळतं. चिप लावून, रिमॅप करून टॉर्क वाढवणाऱ्यांना पण हाच त्रास लवकर होतो म्हणाले, फ्लायव्हील तेवढ्या धक्क्यासाठी बनवलेलं नसतं.

एक गोष्ट कोल्हापूरकर म्हणून लिहायचीय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतलेलं बीड देशभरच्या गाड्यांत जातं, उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या लेथवर काम करणारी माणसं आहेत, लोखंड हातात घेतल्यावर त्यांना कळतं. आणि आपण मात्र चकचकीत शोरूम बघून घाबरून सही करतो. मोजून दाखवणारा माणूस आपल्या गल्लीत असताना न मोजता दिलेल्या कागदाला एवढा मान कशाला द्यायचा?

ज्यांना जायचंय त्यांनी आधी फोन करून जा, लिफ्ट एकच आहे आणि गिअरबॉक्सचं काम लागलं की दुसरी गाडी घेत नाहीत. गाडी थंड असताना न्या, म्हणजे सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज त्यांना ऐकवता येतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी आधी विचारून घ्या, टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत असं जड फ्लायव्हील नसतंच, पातळ पत्र्यासारखी फ्लेक्स प्लेट असते, आणि ते काम हे घेत नाहीत, सरळ दुसरीकडं पाठवतात. कार्ड चालत नाही, यूपीआय किंवा रोख. आणि खर्च आधी लिहून मागा, देतात.